पडलेलं झाड

"हे उचलायचं नाही, ताई," वनरक्षक म्हणाला आणि पडलेल्या झाडावर त्याने सहज हात ठेवला. मग काहीतरी आठवून तो काढून घेतला.

दोन महिन्यांपूर्वी तिचा नवरा हेच झाड तोडत होता. ते भलत्याच बाजूला कललं आणि तो खाली सापडला. त्यानंतर ती आज पहिल्यांदाच इथे आली होती. जंगल घरचं, सासऱ्यांनी लावलेलं. आता कागदोपत्री तिचं.

"का नाही उचलायचं?" धाकट्या दिराने विचारलं. तो करवत आणि दोर घेऊनच आला होता.

"नवीन धोरण आहे. खासगी जंगलवाल्यांनाही लागू. प्रत्येक पट्ट्यात एक मोठं झाड पडलेलं ठेवायचं, कुजू द्यायचं. त्यात किडे राहतात, किड्यांवर पक्षी जगतात."

"आणि आम्ही कुणावर जगायचं?"

"नियम मी नाही हो केला. पण नियम मोडून जंगलाचा दाखला गेला, तर आरागिरणीवाला तुमचा एक ओंडका दारात उतरवून घेणार नाही."

"वा! माणूस मारला, तरी निवांत पडलंय. वर सरकारी संरक्षण!"

"भाऊजी," ती म्हणाली. एवढंच.

तिला राग आला नव्हता. रडूही येत नव्हतं. भाजी चिरावी, अंथरूण घालावं, कुणी विचारलं तर बरं आहे म्हणावं, असं चाललं होतं. दिराकडे तिने एकच मागणं केलं होतं: ते झाड तिथून न्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते दिसत नसे. तरी ती खिडकी लावून घ्यायची.

वनरक्षक खाकरला. "एक करता येईल. याच्या बदल्यात दुसरं जुनं झाड पाडून तसंच ठेवा. मग हे खुशाल न्या."

"मग झालं की! वहिनी, हे बघा, हे शेजारचं उभं पाडू. उद्याच येतो."

"कोण पाडणार?"

"मीच. आणखी कोण? माणूस लावायला परवडतंय होय?"

मान वर करून तो शेंड्याचा अंदाज घेऊ लागला. पाठमोरे दोघे भाऊ अगदी सारखे दिसत.

"राहू द्या," ती म्हणाली.

"अहो, पण तुम्हीच तर..."

"राहू द्या म्हटलं ना. कुजेल त्याचं ते."

बुंध्याच्या फटीत नवऱ्याने ठोकलेली लाकडी पाचर तशीच होती. दिराने दगडाने ठोकून ती मोकळी केली आणि हातात घेऊन नुसता उभा राहिला. तिने ती त्याच्याकडून घेतली.

घराचं मागचं दार वाऱ्याने आपटायचं. "उद्या बघतो," असं नवरा नेहमी म्हणायचा. घरी आल्यावर तिने पाचर दाराखाली सरकवली आणि टाचेने दाबली.

संध्याकाळी वारा सुटला. दार हललं नाही. ती थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने भाजी चिरायला घेतली.