रविवारी या

"काय म्हणाली ती?" आजीनं माझा दंड धरून विचारलं.

डॉक्टर बाई नुकत्याच बोलून थांबल्या होत्या. त्यांच्या तोंडावर मास्क होता, त्यामुळे आजीला त्यातलं अवाक्षरही कळलं नव्हतं. आजीला ऐकू फार कमी येतं. हॉटेलच्या लाँड्रीत, चादरी दाबायच्या त्या अजस्र रोलरशेजारी चौतीस वर्षं उभं राहिल्यावर दुसरं काय होणार! कानातलं यंत्र तिनं दोनदा घेतलं आणि दोन्ही वेळा कपाटात टाकून दिलं. ते शिट्ट्या मारतं म्हणे. एरवी ती समोरच्याच्या ओठांवरून भागवते, आणि ओठ दिसत नसले की माझ्यावर. मी तिच्या उजव्या कानाशी तोंड न्यायचं आणि मोठ्यानं, सावकाश, आमच्या भाषेत सांगायचं. डावा कान तर पार गेलेला आहे.

मी तोंड नेलं. "लिव्हरला सूज आहे म्हणतात. वयोमानानं होतं असं. औषध बदलून देतायत, पंधरा दिवसांनी परत बोलावलंय."

"एवढंच?"

"एवढंच."

डॉक्टर बाईंना आमची भाषा येत नाही. येत असती तर त्यांनी मला तिथंच अडवलं असतं, कारण त्या म्हणाल्या होत्या ते भलतंच होतं. गाठ लिव्हरभर पसरली आहे, ऑपरेशनचा काही उपयोग नाही, दोन महिने, फार तर अडीच. त्रास कमी व्हावा एवढंच आता बघायचं. मी त्यांचे आभार मानले, कागद गोळा केले आणि आजीला उठवलं. आईला परदेशी फोन करून आठवड्याभरानं सांगू, आजीला सांगायचं की नाही ते नंतर बघू, असं मी उठता उठताच ठरवूनही टाकलं होतं. असल्या बाबतीत माझं डोकं फार भराभर चालतं.

बाहेरच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये बाकांची रांग होती. आजी तिसऱ्या बाकावर बसली ती उठेचना.

"आजी, चल. औषधांची खिडकी बंद होईल."

"होऊ दे. बस इथं."

मी बसले.

"ती बाई पाच मिनिटं बोलत होती. माझं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं. मधे दोनदा थांबली, दोन्ही वेळा आधी माझ्याकडे बघितलं, मग तुझ्याकडे. आणि तू मला चार वाक्यांत गुंडाळलंस."

"डॉक्टर लोक फापटपसारा बोलतात गं."

"मला सांगतेस? हा धंदा मी आठ वर्षांची असल्यापासून केलाय."

चोरी पकडली गेली की मला राग येतो. वाईट खोड आहे. मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले.

तिचा तो धंदा आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ आहे. आजी सात वर्षांची असताना तिच्या आईबापांनी दोन मुलं आणि तीन गाठोडी घेऊन या देशात पाऊल टाकलं. बाप बर्फाच्या गोदामात पेट्या उचलायचा, आई मासळीच्या कारखान्यात दिवसभर मासे साफ करायची. राहायला सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची एक खोली. दोघांनाही इथली भाषा शेवटपर्यंत आली नाही, आणि आजीला ती वर्षभरात आली. मग काय, कचेरी असो, दुकान असो, भाडेकरूंची तक्रार असो, आई हिला शाळेतून काढून पुढे उभी करायची. त्या वर्षी ती शाळेत कमी आणि लोकांच्या दारात जास्त होती.

आणि तिथं तिनं आपली एक पद्धत बसवली. दोन्हीकडचं गोड करून सांगायचं. खालची घरमालकीण जिन्यात येऊन ओरडली, "तुमच्या कपड्यांना मासळीचा वास येतो, सगळा जिना घाण करून ठेवलाय!" हिनं आईला सांगितलं, "ती विचारतेय, कामावर फार दमता का?" आईचे डोळे भरून आले. इथं आल्यापासून तसं कुणी विचारलंच नव्हतं. तिनं पंधरा दिवस खपून घरमालकिणीला लोकरीची टोपी विणून दिली. घरमालकीण टोपी हातात घेऊन बघतच राहिली. त्यानंतर ती ओरडायची ते निम्म्यावर आलं. ही टोपीची गोष्ट मी निदान पन्नास वेळा ऐकली असेन आणि दर वेळी हसले असेन. माझी पणजी मरेपर्यंत म्हणायची, या देशात बाकी काही नसो, माणसं मात्र तोंडाची फार गोड.

"तुला माझा भाऊ माहीत आहे?" आजीनं विचारलं.

"लहानपणी तापानं गेला तो?"

एवढंच माहीत होतं. लहानपणी गेला, तापानं. आजी त्याच्याबद्दल कधी बोलायची नाही आणि आम्हीही विचारायचो नाही. ज्याला कुणी पाहिलं नाही असा चार वर्षांचा मुलगा. त्याच्याबद्दल विचारणार तरी काय?

"त्याची छाती भरली होती," आजी म्हणाली. ऐकू न येणारी माणसं ओरडून बोलतात, पण आजीचा आवाज त्या दिवशी खाली गेला होता. मलाच कान पुढे करावा लागला. "दवाखान्यात ठेवलं होतं त्याला. आई दोन दिवस कामावर गेली नव्हती. मुकादमानं निरोप धाडला, तिसऱ्या दिवशी आली नाहीस तर तुझ्या टेबलापाशी दुसरी बाई उभी करतो. बापाचं काम तेव्हा सुटलेलं. पाय मोडून घरात पडलेला. तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, सकाळी आम्ही दोघी भावाला बघायला गेलो. तिथूनच ती कामावर जाणार होती. अंगात कामाचे कपडे, पायात रबरी बूट."

"बरं."

"डॉक्टर आला. उंच होता, वाकून माझ्याशी बोलला. चांगला माणूस होता गं. म्हणाला, तुझ्या आईला सांग, मुलगा टिकेल असं वाटत नाही. आजउद्याची गोष्ट आहे. आईनं आज इथंच थांबावं, आम्ही खुर्ची देतो."

एक कर्मचारी समोरून चाकाची खुर्ची ढकलत गेला. आजीनं त्याला जाऊ दिलं.

"आणि आई माझा खांदा हलवत होती. काय म्हणतात? विचार त्यांना, मी रविवारी आले तर चालेल का? रविवारी सुट्टी आहे म्हणावं. आज गेले नाही तर काम जातं."

"मग?"

"मग मी म्हटलं, ताप उतरतोय म्हणतात. रविवारी या."

आजीनं माझ्याकडे पाहिलं नाही.

"असं का केलंस म्हणून विचारू नकोस. मी स्वतःला सत्तर वर्षं विचारतेय. घाबरले होते, हे आहेच. काम गेलं तर खायचं काय, हेही कळत होतं तेवढं. पण खरं सांगू? सवय होती. वाईट काही आलं की मी ते बदलून पुढे द्यायची. आणि तसं केलं की सगळं ठीक व्हायचं, घरमालकीणसुद्धा ठीक झाली होती. मला वाटलं, हेही होईल. आईला बरं वाटलं की त्यालाही बरं वाटेल."

"तू आठ वर्षांची होतीस, आजी."

"नऊ. आणि डॉक्टरला सांगितलं, आई म्हणते ती रविवारी येईल. त्यानं आईकडे असं बघितलं ना! शेजारच्या नर्सनं तोंड फिरवलं. त्यांना वाटलं, काय बाई आहे ही. आणि आई हसत होती. मुलाचा ताप उतरतोय, ती हसणारच. इथल्या भाषेतला तिला एकच शब्द यायचा, धन्यवाद. तो ती त्या डॉक्टरला तीनदा म्हणाली."

आजीनं डोळे पुसले नाहीत, कारण ती रडत नव्हती. मी रडत होते.

"शनिवारी सकाळी गेला तो. कुणी नव्हतं जवळ. आम्हाला कळवणार कसं, फोन कुठला? रविवारी आई त्याचा धुतलेला स्वेटर आणि एक संत्रं घेऊन गेली. कॉट मोकळी होती. नर्सनं मला सांगितलं आणि ते मी आईला सांगितलं. त्यात काही बदलता येण्यासारखं नव्हतं. तर आई त्या डॉक्टरला म्हणते, त्याला विचार, असं अचानक कसं झालं? मी विचारलं. तो म्हणाला, मी शुक्रवारी सांगितलं होतं."

"आणि तू आईला काय सांगितलंस?"

"अचानकच झालं म्हणतात, असं सांगितलं."

पलीकडच्या बाकावर एक म्हातारा झोपी गेला होता आणि त्याची बायको त्याची टोपी मांडीवर घेऊन बसली होती.

"आई शेवटपर्यंत त्या डॉक्टरचं नाव काढायची," आजी म्हणाली. "म्हणायची, बिचारा, त्यालासुद्धा अंदाज आला नाही. मला कितीदा वाटलं सांगून टाकावं. लग्नाच्या आधी वाटलं, तुझी आई झाली तेव्हा वाटलं. माझी आई आजारी पडली तेव्हा तर रोज. पण मग वाटायचं, आता सांगून तिचं काय भलं होणार? माझं ओझं उतरेल आणि तिच्या डोक्यावर बसेल. म्हणून गप्प राहिले. ते बरोबर केलं की तेही चुकलं, कोण जाणे."

मग तिनं केस बाजूला सारून उजवा कान माझ्याकडे केला.

"आता सांग. ती बाई बोलली तसं. मधलं काही गाळू नकोस."

बहिऱ्या माणसाला हळू आवाजात काही सांगता येत नाही, ही त्यातली मोठी पंचाईत. भरल्या कॉरिडॉरमध्ये, पंचवीस-तीस माणसांसमोर मला ते जवळजवळ ओरडून सांगावं लागलं. "कॅन्सर आहे. लिव्हरभर पसरलाय. ऑपरेशन करून उपयोग नाही. दोन महिने म्हणाल्या. फार तर अडीच." कुणाला आमची भाषा कळत नव्हती, तरी टोपीवाल्या म्हाताऱ्याची बायको माझ्याकडे बघायला लागली. माझा आवाज फाटला होता.

आजीनं ऐकून घेतलं. "दुखेल का?"

"दुखू नये म्हणून औषधं देणार आहेत. थोडं दुखेलच म्हणाल्या."

"हं." तिनं कान पुन्हा केसांखाली झाकला. "तुझी आई कधी यायची आहे?"

"उन्हाळ्यात. पोरांच्या सुट्ट्या लागल्या की."

"म्हणजे पाच महिने."

"पाच."

माझी आई लग्नानंतर समुद्रापलीकडे गेली, आणि शिक्षणाचं निमित्त करून मी आजीकडे परत आले. आमच्या घरातल्या बायका एका देशात फार टिकत नाहीत. धाकटी भावंडं अजून तिच्याजवळ असतात, आणि दर दोन वर्षांनी एकदा तिचं येणं होतं.

"लाव फोन तिला," आजी म्हणाली. "आत्ता. तिला कळलं पाहिजे. घरी जाऊन बसले तर माझं मन फिरेल."

मी फोन लावला. आजीला फोनवर काहीच ऐकू येत नाही, ती नुसती बोलते. पलीकडचं मी ऐकायचं आणि तिच्या कानात सांगायचं. मी स्पीकर लावून फोन तिच्या तोंडासमोर धरला.

"झालं का दाखवून?" आईचा आवाज आला. "काय म्हणाले डॉक्टर? मी सकाळपासून फोनजवळ बसलेय."

"डॉक्टर काय म्हणाले विचारतेय," मी आजीच्या कानात सांगितलं. "सकाळपासून फोनजवळ बसलीय म्हणे."

आजीनं तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. फोनला तिचं तोंड दिसत नाही, तरी हसू होतं.

"काही नाही गं, बाई! लिव्हरला जराशी सूज आहे. वयाचं असतं. औषध बदलून दिलंय. तू उगाच धावपळ करू नकोस, ऐकलंस? ठरल्याप्रमाणे उन्हाळ्यात ये, पोरांना घेऊन ये."

"हुश्श!" आई म्हणाली. "माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. चला, मग उन्हाळ्यातच निघते."

आजीनं फोनवरची नजर उचलून माझ्याकडे केली. ते हसू अजून तसंच होतं, नुसतं राहून गेल्यासारखं. तिला राग आला होता की लाज वाटत होती, मला कळलं नाही. मला मात्र तिचा भयंकर राग आला, आणि तिला पोटाशी धरावंसंही वाटलं.

"काय म्हणाली?" तिनं विचारलं.

मी फोन माझ्या तोंडाजवळ घेतला.

"आई, नीट ऐक. ती खोटं सांगतेय. कॅन्सर आहे. पसरलाय. दोन महिने दिलेत डॉक्टरांनी. उन्हाळ्यापर्यंत ती नसेल. तू याच आठवड्यात निघ."

माझ्या तोंडावर मास्क नव्हता. आजी माझ्या ओठांकडे बघत होती आणि तिनं शब्दन् शब्द वाचला. मला वाटलं ती फोन हिसकावून घेईल. तिनं घेतला नाही. बाकाला पाठ टेकून ती नीट बसली.

स्पीकरवर बराच वेळ काहीच आलं नाही. मग आलं.

"काय म्हणते?" आजीनं विचारलं.

"काही म्हणत नाही," मी तिच्या कानात म्हणाले. "रडतेय."

आजीनं हात पुढे केला. मी फोन दिला. तिनं तो कानाला लावला, तोही त्या पार गेलेल्या डाव्या कानाला, आणि घट्ट धरून बसली. मधूनमधून ती माझ्याकडे बघून भुवया उंचावायची, थांबली का म्हणून. मी मान हलवायचे, नाही अजून.