बंद इंजिनातली टरटर

नवऱ्याचं घर सोडून बहिणीकडे राहायला आलेल्या शिक्षिकेच्या गाडीत स्पीकर सारखे टरटरायचे, अगदी इंजिन बंद असतानाही.

"मोबाईल जवळ असला की असं वाजतं," गॅरेजमधला इलेक्ट्रिशियन म्हणाला. त्याने दोघांचे मोबाईल लांब बाकावर ठेवले. पाच मिनिटांत स्पीकर पुन्हा टरटरले. मग त्याने डॅशबोर्डखालचं झाकण उघडलं आणि वायरींच्या गुंत्यातून काडेपेटीएवढी काळी डबी ओढून काढली.

"बाई, यात सिमकार्ड आहे. तुमची गाडी कुठे जाते ते कोणाला तरी कळतंय."

गाडीची दुसरी किल्ली नवऱ्याकडेच राहिली होती.

"बंद करू नका, त्याला समजेल," ती कशीबशी म्हणाली आणि तिने बहिणीला फोन लावला. "ताई, दाराला कडी लाव!"

"केव्हाच लावलीय," ताई दबक्या आवाजात म्हणाली. "सकाळी तू गेल्यापासून फाटकासमोर उभा आहे तो. तू घाबरशील म्हणून बोलले नाही."

इलेक्ट्रिशियनने पत्ता विचारून पोलिसांना कळवलं. ती फोन कानाला लावून तशीच उभी राहिली. पलीकडून ताईचा नुसता श्वास ऐकू येत होता.

"पोलिसांनी नेलं गं त्याला," ताई शेवटी म्हणाली, तरी शिक्षिकेच्या हातातून फोन सुटेना.