बरणीचं झाकण

स्क्रू तिसऱ्यांदा चिमट्यातून निसटला आणि टेबलाखाली गेला.

"राहू द्या, मी उद्या येते," समोरच्या बाई म्हणाल्या. त्या शाळेत गणित शिकवतात. पंधरा वर्षं त्यांचे चष्मे मीच दुरुस्त करतो.

"उद्या कशाला? दोन मिनिटांचं काम आहे."

दोन मिनिटांच्या कामाला वीस मिनिटं लागली. चष्म्याचा स्क्रू साखरेच्या दाण्याएवढा असतो, तो डाव्या हाताने बसवताना मला घाम फुटला. बाई गेल्यावर मी उजवा हात दिव्याखाली धरला. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधला मांसल भाग बसला होता. बाबांचाही आधी तिथंच बसला होता.

बाबांना मोटर न्यूरॉनचा आजार होता. यात स्नायू हलवणाऱ्या पेशी एकेक करून मरत जातात. बाबा चौदा महिन्यांत गेले. त्यांच्या सख्ख्या भावाला, म्हणजे काकाला, तोच आजार आणि रक्तात तोच दोष. पण तो नऊ वर्षं जगला, आणि त्यातली पाच खुर्चीत बसून सगळ्यांना फैलावर घेत जगला. असं कसं, म्हणून डॉक्टरांना विचारलं.

"दोष एकच असला तरी आजाराचा वेग कमी-जास्त करणारे दुसरीही जनुकं असतात," ते म्हणाले. "सगळी आम्हालाही अजून सापडलेली नाहीत."

मुलांमध्ये दोष उतरण्याची शक्यता निम्मी. ताईने तपासणी करून घेतली, तिच्यात काही निघालं नाही. फोनवर ती इतकी रडली, की मलाच तिची समजूत घालावी लागली. मी मात्र दोन वर्षं चालढकल करत होतो. कधी दुकानात गर्दी, कधी मला सर्दी.

आईने 'तपासून घे' असं कधी म्हटलं नाही. तिची स्वतःची तपासणी होती. बाबा गेल्यापासून ती साखरेच्या बरणीचं झाकण जीव खाऊन घट्ट लावायची आणि चहाच्या वेळी बरणी आमच्यापुढे सरकवायची. "उघड रे, मला नाही जमत." ओल्या चादरी एकटीने पिळणारी बाई ही, तिला म्हणे झाकण जमत नाही! ताई आणि मी एकमेकांकडे बघून हसायचो. आई पाठमोरी होऊन चहा गाळायची, पण कान इकडेच असायचे.

गेले काही दिवस झाकण अगदी सहज उघडत होतं. त्यावर मी स्वतःची समजूत घातली होती: हाताला काही झालेलं नाही, स्क्रूच हल्ली निकृष्ट येतात.

त्या दिवशी दुकान लवकर बंद करून घरी आलो. स्वयंपाकघराच्या दारातच थबकलो. आईने बरणीचं झाकण सवयीने घट्ट फिरवलं. मग थांबली, आणि पुन्हा उलटं फिरवून सैल केलं.

मी चपला वाजवत आत गेलो. बरणी पुढे आली.

"उघड रे."

झाकण बोट लावताच सुटलं. मी ते हातात धरून बसलो.

"कधीपासून कळलंय तुला?"

"कप दोन्ही हातांनी धरायला लागलास ना, तेव्हापासून." तिने चहा गाळायचं थांबवलं नाही. "महिना झाला."

"बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून."

मी झाकण बरणीशेजारी ठेवलं.

"उद्या दुकान बंद ठेवतो," मी म्हणालो. "रक्त देऊन येऊ."

"मी येते बरोबर."

"काकासारखं निघालं तर नऊ वर्षं माझी बोलणी खावी लागतील."

"खाईन की," आई म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "नऊ काय, वीस वर्षं खाईन."

तिने माझ्या कपात साखर घातली. झाकण बरणीवर नुसतं ठेवलं, फिरवलं नाही.