शेवंतीचा प्रश्न आणि मी डफ

मित्रांनो, मुलुंडच्या चाळीत खिळ्याला टांगलेला हा गोल, फाटका चेहरा माझा. मी एक जुना डफ आहे. मला वाजवणाऱ्या दत्तारामच्या बापाने शिमग्यासाठी मला कोकणात बांधलं. आंब्याच्या लाकडाचं कडं, त्यावर बकऱ्याचं कातडं. दत्ताराम पंख्यांच्या कारखान्यात लागला, तेव्हा मलाही काखोटीला मारून इथे घेऊन आला.

कारखान्याच्या गेटवर सभा असली की लोक आधी शेकोटी करत. तिच्यावर मला तापवलं की माझा गळा मोकळा होई. मग दत्ताराम गाई,

तुझं दार नि माझं दार, एकच वारा येई,
तुझ्या चुलीचा विझला जाळ, माझी चूल इंगळ देई.

ब्याऐंशी साली गिरण्यांचा संप झाला. संपकऱ्यांच्या घरांसाठी आम्ही दारोदार मूठमूठ तांदूळ मागितले. बायका म्हणत, हा डफ आला म्हणजे आपली माणसं आली. केवढा मान होता तो!

दोन वर्षांनी आमच्या कारखान्यातल्या युनियनचा पुढारी जयवंत मालकांशी करार करून आला. पॅकिंगच्या बायकांना काढून ते काम कंत्राटदाराला देणार, अशी कुजबुज होती. सभेत जयवंतने मंजुरीसाठी हात वर करायला सांगितले. तेवढ्यात पॅकिंगची शेवंती उभी राहिली.

"जयवंतभाऊ, करारात काय लिवलंय ते आधी वाचा. आमचं काय ठरवलंत?"

"अगं, तुला वाचलेलं कळणार काय?" जयवंत हसला.

"कान हायेत मला. वाचा."

मागचे काही जण म्हणू लागले, वाचा ना, वाचा. जयवंतचं हसू मावळलं.

"दत्ताराम, वाजव रे."

दत्तारामच्या धाकट्या भावाला कामावर चिकटवायचं जयवंतने कबूल केलं होतं. दत्तारामने मान खाली घातली आणि मला बडवलं. शेवंतीचे ओठ हलत होते, शब्द कुणालाच ऐकू येत नव्हते. त्या गजरात हात वर झाले.

दुसऱ्या दिवशी पॅकिंगच्या बायकांना वॉचमनने गेटवरच अडवलं. बाकीचे कामगार त्यांच्या शेजारून आत गेले. कुणी घड्याळ बघत होतं, कुणी चपला. दत्ताराम जवळून जाताना शेवंती एवढंच म्हणाली, "छान वाजवलंस रे, दत्ता."

वर्ष सरलं आणि कारखान्यातलं दत्ताराम काम करायचा ते खातंही बंद झालं. भावाला नोकरी मिळालीच नव्हती. दत्तारामने गेटवर मला तापवलं, जीव तोडून वाजवलं. माझा आवाज ऐकून लोक भरभर पावलं उचलून निघून जाऊ लागले. हा जयवंतचा डफ, असं कुणीतरी म्हणालं. त्या दिवशी माझं कातडं फाटलं. ते पुन्हा कुणी मढवलं नाही.

मित्रांनो, मला हात नाहीत. मी ज्याच्या हाती, त्याचा. तुम्हाला हात आहेत. उद्या तुमच्या वर्गात, तुमच्या गल्लीत कुणीतरी एकटं उभं राहील. त्याचा आवाज कापत असेल, प्रश्न अडचणीचा असेल. तेव्हा तो आवाज बुडवणाऱ्या टाळ्यासुद्धा वाजवू नका. आधी त्याचं बोलणं पुरं होऊ द्या.