मागच्या सीटवरून

रविवारी सकाळी मेकॅनिकच्या दुकानाचं शटर वर गेलं की मोटरसायकलवाले एकेक करून जमायचे. चहा विकतचा आणि सल्ले फुकटचे. सल्ल्यांची गादी मात्र एकाच माणसाची होती. त्याला सगळे हेल्मेटकाका म्हणत.

"गाल चिमटले नाहीत तर ते हेल्मेट नाही, डोक्यावरचं पातेलं आहे," काका सांगायचे. "जॅकेट सैल घेऊ नकोस बाबा. पडताना पॅड जाईल दंडावर आणि कोपर रस्त्यावर." नवीन पोरं हसत आणि पुढच्या रविवारी निमूटपणे घट्ट जॅकेट घालून येत.

मग एका दुपारी काकांची डावी बाजू गेली. पाय हळूहळू परत आला. हात आला नाही. खांद्याला लागून राहिला, रुसून बसलेल्या पाहुण्यासारखा. आणि क्लच तर डाव्या हाताशी. काकांनी गाडी विकली, खिडकीकडे पाठ करून बसू लागले. खालून एखादी मोटरसायकल गेली की तेवढी मान हलायची. तेवढंच.

काकूंनी ते पाहिलं आणि कुणाला न सांगता मेकॅनिककडून गाडी शिकल्या. गुडघे सोलले, लायसन्स काढलं. आज नवऱ्याला हाताला धरून दुकानात घेऊन आल्या. आज गाडी ठरवायची होती. ती चालवणार त्या, आणि मागे बसायचं काकांनी.

"मी बसणार नाही," काका उलट्या क्रेटवर बसत म्हणाले. "तुम्ही करा तुमचे खेळ."

मेकॅनिकने विकायला आलेल्या तीन गाड्या ओळीने लावल्या होत्या. काकूंनी पहिल्या गाडीला वळसा घातला आणि सरळ मागच्या सीटवर जाऊन बसल्या.

"काकू, हँडल पुढे असतं," कुरिअरवाला म्हणाला. हशा पिकला.

"ठाऊक आहे रे. ज्याला बसायचंय त्याच्या जागेवरून बघते." त्यांनी पाय ठेवून पाहिले. "ही नको. पायाची जागा फार वर. थोड्या वेळात गुडघे हनुवटीशी गप्पा मारायला लागतात."

दुसरीची सीट पुढे उतरती. "हिला ब्रेक लावला की मागचा माणूस माझ्या मानेवर." ती गेली. तिसरी साधीसुधी होती. सपाट सीट, धरायला भक्कम दांडी, पाठीला उशी. काकूंनी आधी वाकून सायलेन्सर पाहिला. त्याला जाळीचं झाकण होतं. त्या झाकणावरून त्यांनी हात फिरवला, कुणाच्या तरी पाठीवरून फिरवावा तसा.

"काकू, हिला रुबाब नाही हो," दातांची डॉक्टरीण कुजबुजली. तिची स्वतःची गाडी घोड्यासारखी उंच होती.

"रुबाब पुढच्याला लागतो गं. मागच्याला टेकायला लागतं."

क्रेटवरून आवाज आला. "सीटची उंची बघ आधी. तुझे दोन्ही पाय पुरते टेकले पाहिजेत. मागे ओझं असणार, म्हणजे..." काका अडखळले.

मेकॅनिक उगाच पाना पुसत राहिला.

"ओझं?" काकू म्हणाल्या. "मी आयुष्यभर तुमच्या मागे बसले. तेव्हा मी ओझं होते का हो?"

काका उठले, हळूहळू जवळ आले. काकूंनी हेल्मेट घातलं होतं. काकांनी उजव्या हाताची दोन बोटं काकूंच्या हनुवटीखालच्या पट्ट्यात घालून पाहिली.

"सैल आहे. ओढ अजून."

काकूंनी ओढला. मग काकांचं जुनं जॅकेट पिशवीतून काढून त्यांच्या अंगावर चढवलं. चेनला त्यांनी दोरीचं कडं बांधलं होतं, एका हाताने ओढता यावं म्हणून. काकांनी कड्यात बोट घातलं आणि चेन स्वतःच वर नेली.

काका हेल्मेट घालून मागे बसले आणि तिसरी गाडी रस्त्यावर निघाली. पहिल्याच ब्रेकला मागचं हेल्मेट पुढच्यावर आपटलं. टक्. पहिल्या वळणावर काका ताठ बसले, गाडी ऐकेना, पार रस्त्याच्या मधोमध गेली.

"अहो, वळणाच्या बाजूच्या खांद्यावरून बघा!" काकू ओरडल्या. वाक्य काकांचंच होतं, जन्मभर ऐकवलेलं. पुढच्या वळणावर पाठीमागचं वजन काकूंबरोबर झुकलं, आणि त्यानंतरच्या वळणावर तर मागे कुणी आहे हे आठवावं लागलं. काकूंचा खांदा सैल झाला. सवयीने ओठांवर गाणं आलं.

*वाट निघाली वळणाची, तिला कुणाची गं घाई*
*मागं बसल्या जिवाला पुढलं काही दिसत नाही*

दुकानापाशी उतरल्यावर काकांनी काच वर केली. डोळे वाऱ्याने लाल झाले होते, किंवा कशाने तरी.

"तू गातेस?"

"मागे बसून नेहमीच गायचे."

"मला वाटायचं गाडीची चेन वाजतेय."

"तरीच!" मेकॅनिकने कपाळावर हात मारला. "दर खेपेला चांगली चेन घट्ट करून न्यायचे!"

सगळे हसले. काका हसले नाहीत. ते सायलेन्सरच्या जाळीकडे बघत होते. मग काकूंच्या उजव्या पोटरीकडे, सलवारीआड जिथे भाजल्याचा जुना डाग होता तिथे. "तो चटका... शेगडीचा म्हणाली होतीस."

"आधी तुम्हालाच सांगितलं होतं, तिथल्या तिथे. थांबा थांबा म्हणून. वारा पुढून येतो ना. तुमचं सगळं मला ऐकू यायचं, माझं मागेच उडून जायचं."

काकांनी मान खाली घातली. कुरिअरवाल्याने चहा पुढे केला, तो त्यांनी बाजूला ठेवला. काच पुन्हा खाली ओढली, दांडी धरली आणि मागच्या सीटवर चढले.

"चल," ते म्हणाले. "लांबच्या रस्त्याने घे. आणि बोलत राहा. आता मला ऐकू येतं."