आई, ह्यांना सांगा

हैदराबादच्या बरकतपुऱ्यातल्या आमच्या घरात तीन खोल्या एका ओळीत आहेत. पुढे बैठक, मागे स्वयंपाकघर आणि मधल्या खोलीत सासूबाईंचा पलंग. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून आमचा संसार त्या पलंगावरून चालला. हे बैठकीतून म्हणायचे, "आई, तिला सांग, भाजी खारट झालीय." सासूबाई अडकित्त्याने सुपारी कातरत स्वयंपाकघराकडे मान वळवायच्या आणि म्हणायच्या, "रंजना, भाजी छान झालीय म्हणतोय. थोडं ताक दे त्याला." मला सगळं ऐकू यायचं. दहा फुटांवर माणूस बसलेला, न ऐकू यायला मी काय बहिरी होते? पण मी मुकाट्याने ताक द्यायची आणि म्हणायची, "आई, ह्यांना सांगा, रसिकाला शाळेतून आणायचंय." अशी एकतीस वर्षं गेली.

मागच्या वर्षी सासूबाई गेल्या. पलंग जागच्या जागी राहिला, आमचं बोलणं मात्र त्यांच्याबरोबर गेलं. सकाळी दोन तास भाग्यलक्ष्मी धुण्याभांड्याला येते, तेवढ्यात काय ते व्हायचं. "अम्मा, सारु चाय पूछ रैं," ती आत येऊन सांगायची आणि मी तिच्याच हाती कप पाठवायची. रविवारी तिची सुट्टी. रविवारी घरात पंख्याचा आवाज तेवढा यायचा.

माणूस वाईट नाही, हे आधीच सांगते. उदगीरकडचं शेतकरी घराणं, वीज खात्यात सरळ नोकरी केली, कुठलं व्यसन नाही. पण निर्व्यसनी माणसाच्या शेजारी तरी मुक्यासारखं किती दिवस बसायचं? माझं डोकं फिरायची वेळ आली होती.

त्यात ह्यांना साठ वर्षं पूर्ण झाली म्हणून रसिकाने, आमच्या लेकीने, पुण्याहून परस्पर सहल ठरवली. सेशेल्सच्या बेटांमधून आठ दिवस शिडाच्या जहाजावर. मी तिला फोनवर स्पष्ट सांगितलं, "जाते. पण आठ दिवसांत तुझे बाबा माझ्याशी एकदा तरी सरळ बोलले तर ठीक. नाहीतर मुंबईला उतरलो की तू गाडी घेऊन ये. मी तुझ्याकडे राहायला येणार, कायमची." ती म्हणाली, "येते गं आई." बॅग भरताना देव्हाऱ्यातली पितळेची अन्नपूर्णा मी ब्लाउजात गुंडाळून तळाशी ठेवली. माहेरून माझ्याबरोबर आलेली ती. बाकी सगळं घर त्यांचं, ती तेवढी माझी.

आता खरं सांगायचं तर ते जहाज पाहिलं आणि माझा निम्मा राग तिथेच उतरला. दोन उंच डोलकाठ्या, सायीच्या रंगाची शिडं, पायाखाली ऊन शोषून घेतलेलं लाकूड. आम्ही दोघं, आणखी तीन गोरी जोडपी, एक स्वयंपाकी आणि कप्तान. कप्तान बाई होती, चाळिशीची, भरल्या अंगाची, कायम अनवाणी. बंदर मागे पडल्यावर तिने इंजिन बंद केलं. शिडात वारा भरला आणि इतकं मोठं जहाज आवाज न करता पुढे सरकायला लागलं. आपण जागे आहोत की नाही, तेच मला कळेना.

त्यानंतर दिवस मोजता आले नाहीत. सकाळी एक बेट समोर यायचं, हिरवंगार, काठावर हत्तींएवढे गुळगुळीत दगड. दुपारी ते मागे विरघळायचं आणि दुसरं पुढे यायचं. पाणी कधी निळं, कधी मोरपिशी, काठाजवळ तर इतकं नितळ की जहाजाची सावली तळाच्या वाळूवर आमच्याबरोबर चालायची. पांढरे पक्षी डोलकाठीभोवती फिरायचे आणि कुठेतरी निघून जायचे. हवेला दालचिनीचा वास होता. मी शिडाच्या सावलीत पडून राहायची. वारा पडला की वरची एक दोरी डोलकाठीवर आपटायची, टक, टक, आणि मला अर्धवट झोपेत वाटायचं, मधल्या खोलीत सुपारी कातरणं चाललंय. डोळे उघडले की समोर नुसतं पाणी असायचं.

आणि हे? ह्यांनी पहिल्याच संध्याकाळी कप्तानबाईला गाठलं. आपल्या हैदराबादी, नामपल्ली छापाच्या इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, प्लीज टेल हर, विंड इज कोल्ड, टेक शाल." मी चार फुटांवर उभी होते. कप्तानबाईने ह्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तो म्हणतो, शाल घे." मी म्हटलं, "त्याला म्हणावं, शाल बॅगेत आहे आणि किल्ली त्याच्या खिशात." तिने तेही पोचवलं. बिचारीला वाटलं असणार की आमच्यात भांडण झालंय. भांडायला तरी आधी बोलावं लागतं, हे तिला कोण सांगणार?

चौथ्या दिवशी एका बेटावर महाकाय कासवं पाहिली. शंभरी ओलांडलेलं एक धूड झाडाखाली मान लांब करून बसलं होतं. मी वाळूत चपला काढल्या होत्या. हे त्या कासवासमोर वाकले आणि म्हणाले, "आजोबा, तिला सांगा, वाळू तापलीय, चपला घाल." कासवाने सावकाश डोळे मिटले. मला हसू आलं आणि त्याच हसण्यातून रडूही येऊ घातलं. चपला घातल्या, पण मनाशी म्हटलं, हे काही सरळ बोलणं नव्हे. कासवामार्फत बोललेलं मोजायचं नाही. चार दिवस उरले होते.

सातव्या दिवशी बाकीची मंडळी बेट पायी ओलांडून पलीकडच्या खाडीत भेटणार होती. ह्यांचा गुडघा धरला होता, म्हणून आम्ही जहाजावरच राहिलो. जहाज वळसा घालून त्या खाडीत न्यायचं होतं. कप्तानबाईला शिडाने आत शिरायची हौस, आणि शिडाच्या दोऱ्या सांभाळायला ती आणि स्वयंपाकी असे दोघंच. तिने ह्यांच्या हाती चाक दिलं. मला पुढच्या टोकाशी उभं केलं आणि समजावलं. शीड मधे आल्याने चाकावरच्या माणसाला समोरचं पाणी दिसत नाही. पाणी निळं दिसलं तर खोल, तपकिरी दिसलं तर खाली प्रवाळाचा खडक. तपकिरी दिसेल तसं ओरडून सांगायचं, डावं की उजवं. माझी लांबची नजर अजून शाबूत आहे. काचीगुड्याच्या स्टॉपवर बसचा नंबर सगळ्यांच्या आधी मीच वाचते.

वारा अगदी हलका होता. जहाज चालण्याच्या गतीने आत शिरत होतं. खाली पाहता पाहता माझी तंद्री लागली. वाळूवरच्या उन्हाच्या जाळ्या हलत होत्या, पिवळे मासे एकदम वळत होते, आणि मागे ती दोरी वाजत होती, टक, टक. सगळं इतकं शांत आणि इतकं ओळखीचं वाटत होतं की आपण कुठे आहोत हे मी विसरले. आणि मग समोर, पाण्याखाली, एक मोठा तपकिरी डाग उजवीकडून जवळ आला.

मी ओरडले, "आई, ह्यांना सांगा, डावीकडे घ्या."

तोंडातून गेलं आणि मग माझं मलाच ऐकू आलं. अकरा महिन्यांत मी सासूबाईंसाठी धड रडलेही नव्हते. दहाव्याला, तेराव्याला, लोक येत जात होते तेव्हा मी स्वयंपाकघरातच होते. आता या परक्या समुद्रात मी त्यांना हाक मारली होती आणि उत्तर येणार नव्हतं.

शिडाच्या पलीकडून ह्यांचा आवाज आला. घोगरा होता, पण मोठा होता.

"आई नाही आता, रंजना. मला सांग."

मी कठडा घट्ट धरला. "डावीकडे घ्या," मी म्हटलं.

"किती?"

"अजून थोडं. अजून. बास. आता सरळ."

तो डाग उजव्या अंगाने सावकाश मागे गेला. पुढे आणखी तीन आले. मी सांगत गेले, हे विचारत गेले. मधे एकदा तर मी "ऐकताय ना?" असंही विचारलं आणि हे म्हणाले, "ऐकतोय. नेहमीच ऐकू येतं मला." डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तरी मला खडक स्पष्ट दिसत होते.

नांगर पडला. कप्तानबाई लहान होडी घेऊन बाकीच्यांना आणायला गेली. आम्ही दोघं शिडाच्या सावलीत बसलो. मी म्हटलं, "मला तुम्हाला एक सांगायचंय."

"अन्नपूर्णा तुझ्या बॅगेत आहे, तेच ना?" हे पाण्याकडे बघत म्हणाले. "निघताना दिवा लावायला गेलो, तर देव्हाऱ्यात जागा रिकामी. तेव्हाच कळलं, तू परत यायची नाहीस."

"कळलं होतं तर बोलला का नाहीत?"

"कुणाला सांगू, ते कळेना." मग गुडघा चोळत म्हणाले, "भाग्यलक्ष्मीला कसं सांगणार हे?"

मी परत येते म्हटलं नाही. त्यांनीही जाऊ नको म्हटलं नाही. होडी परत येताना दिसली, लोक हसत हसत वर चढले आणि ते बोलणं तिथेच राहिलं. पण रात्री जेवताना मासा खारट लागला, तर हे माझ्याकडे बघून म्हणाले, "खारट आहे." मी म्हटलं, "हो, आहे."

मुंबईला उतरलो. बाहेर रसिका उभी होती, गाडीची किल्ली हातात. ती आळीपाळीने आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत होती. मी बॅगेचा दांडा धरून उभी. खरंच सांगते, त्या क्षणी मला काय हवंय ते मलाही नक्की माहीत नव्हतं. पुण्याला लेक होती, नात होती, बोलायला माणसं होती.

ह्यांनी रसिकाच्या खांद्यावर हात ठेवला. "रसिका, आईला सांग..."

आणि थांबले. रसिकाच्या खांद्यावरचा हात काढला, माझ्याकडे वळले. साठ वर्षांचा माणूस, शाळेत उभं केल्यासारखा उभा. म्हणाले, "घरी चल. मला करमायचं नाही."

मी तिथेच खाली बसले, बॅग उघडली आणि तळातली अन्नपूर्णा काढून ह्यांच्या हातात दिली. म्हटलं, "ही तुमच्याकडे ठेवा. माझी बॅग जड झालीय." रसिका तोंड फिरवून डोळे पुसत राहिली. लहान असताना रडायची तशीच रडत होती.

हैदराबादच्या विमानासाठी तपासणीतून जाताना हे कमानीखाली वाजले. पोलिसाने खिशातला रुमाल उलगडायला लावला. "क्या है ये?" त्याने विचारलं.

"मेरी घरवाली की है," हे आपल्या हैदराबादी सुरात म्हणाले. "घर कू लेके जा रौं."

हे त्यांनी पोलिसाला सांगितलं. पण मी पलीकडे, दहा फुटांवर उभी होते आणि मला सगळं ऐकू आलं.