नाटकातला मित्र

कोट्रेशने पातेल्यावरचं झाकण काढलं आणि हालप्पा मास्तर आत बघतच राहिले. पिवळाधमक चित्रान्न, वर शेंगदाण्यांची फोडणी, आणि भात एवढा की आख्खी पंगत उठली असती. खोली मात्र एकट्याची. एक चटई, एक स्टोव्ह, खिळ्याला दोन शर्ट.

"कोण कोण येणार आहे रे?"

"कोणी नाही. मला कमी करताच येत नाही, मास्तर."

मास्तरांना हसू आलं आणि लगेच ते ओशाळले. सुधारगृहात दीड वर्षं याच पोराने ऐंशी जणांचं रांधलं होतं. बाहेर पडायच्या आधी मास्तर पोरांना सगळं शिकवत. बँकेचा फॉर्म, मुलाखतीला बसायची रीत, राग आला की काय करायचं. स्वयंपाकही शिकवत, पण तो ऐंशींचा. एका माणसाचा भात किती, हे मास्तरांच्या अकरा वर्षांच्या नोकरीत कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

कोट्रेशला सुटून तीन महिने झाले होते. दर महिन्याला एका रविवारी मास्तर दावणगेरेला येत, चुरमुऱ्यांच्या भट्टीवर त्याच्या मालकाला भेटत आणि मग या खोलीवर. मालकाची काही तक्रार नव्हती. पोरगं वेळेवर येतं, मान खाली घालून काम करतं, म्हणाला. मास्तर खुशीतच गल्लीत शिरले होते.

आणि आता कोट्रेश गेल्या रविवारची गोष्ट सांगत होता. त्या दिवशीही त्याने असाच ढीगभर भात केला आणि ताटं वाढून दारोदार घेऊन गेला. एका घरी उपवास निघाला. दुसरे लोक नुकतेच जेवून उठले होते. तिसऱ्या घरातल्या बाईने ताट ठेवून घेतलं, पण संध्याकाळी तो भात गटाराच्या कडेला कुत्री खाताना दिसली. पोरगा कशापायी आत गेला होता, ते गल्लीला तोंडपाठ होतं. हे सगळं त्याने बाजारभाव सांगावा तसं सांगितलं.

"मग जेवलं कोण?"

"अंजी."

मास्तर सावरून बसले. दोन वर्षांपूर्वीच्या चोरीत बाजार समितीच्या गोदामाबाहेर गाडी चालू ठेवून उभा राहा, असं कोट्रेशला सांगणारा तो हाच अंजी. पोलीस आले तेव्हा तो भिंतीवरून पसार झाला आणि कोट्रेश गाडीवर बसून राहिला. गेल्या रविवारी हा अंजी आला, तीनदा भात मागून घेतला आणि निघताना म्हणाला, पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी एक काम आहे. फक्त गाडी चालू ठेवायची. उत्तर घ्यायला तो आज चार वाजता येणार होता.

"मग नाही म्हणायचं," मास्तर म्हणाले. "डोळ्यांत बघायचं, आवाज खाली, कारण द्यायचं नाही. वर्गात किती वेळा केलंय आपण हे नाटक!"

"केलंय की. पण आपल्या नाटकातला मित्र वाईट असायचा, मास्तर. शिव्या द्यायचा, बिडी पुढे करायचा. त्याला नाही म्हणायला काय लागतं? हा तर माझं पातेलं घासून देऊन गेला."

तो मित्र वर्गात बहुतेक वेळा मास्तरच व्हायचे. मिशीला पीळ देत यायचे आणि पोरं पोट धरधरून हसायची.

कोट्रेशने ताट वाढून त्यांच्यापुढे ठेवलं.

"आज तुम्ही अंजी व्हा. पण नीट व्हा."

मास्तरांनी पहिला घास घेतला. त्यांची बायको लेकीच्या बाळंतपणाला बेंगळुरूला गेली ती तिकडचीच होऊन बसली होती. तेव्हापासून ते खानावळीतच जेवत.

"काय हात आहे लेका तुझा," ते म्हणाले. "बाहेरचं खाऊन जीभ मेली होती माझी. इथे कुणासाठी रांधतोस एवढं? ही गल्ली तुझा भात कुत्र्यांपुढे टाकते. माणसाला शेजारी बसून जेवणारं कुणी नको? चल आमच्यात. गुरुवारी तासाभराचं तर काम."

यातलं नाटक किती आणि खरं किती, ते मास्तरांचं त्यांनाच कळेना.

"गुरुवारी भट्टीवर जायचंय," कोट्रेश पुटपुटला.

"मग शुक्रवारी करू."

कोट्रेशने एकदा पातेल्याकडे पाहिलं. मग मान वर करून सरळ मास्तरांच्या डोळ्यांत पाहिलं.

"नाही, अंजी. गुरुवारी नाही, शुक्रवारी नाही. पोटभर जेव आणि जा."

"शाब्बास!" मास्तरांनी सवयीने टाळी वाजवली. वर्गात असं झालं की सगळीच वाजवत. इथे ती एकट्याची टाळी कशीतरीच वाटली.

"उठा, मास्तर," कोट्रेश म्हणाला. "तो काही टाळ्या वाजवत बसणार नाही. तो जाईल."

मास्तर उठले. हात धुतला, चपला घातल्या आणि बाहेर आले. मागे कडी लागली. वर्गातलं नाटक इथवर कधी आलंच नव्हतं. नकार दिला की पुढची जोडी उठायची.

समोरच्या घरात रविवारची उशिराची जेवणं चालली होती, पोरं ताटावर भांडत होती. दारातल्या बाईने मास्तरांकडे पाहिलं आणि पडदा ओढून घेतला. कोट्रेशच्या खोलीतून काहीच ऐकू येत नव्हतं. भांड्याचा आवाज नाही, पावलांचा नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मास्तरांना राहवेना. दार वाजवायला त्यांनी हात उचलला, तशी पायरीवरची सैल फरशी वाजली.

"अजून नको, मास्तर," आतून आवाज आला. "तो गेल्यावर किती वेळ असं एकटं वाटत राहतं, ते बघू दे जरा."

मास्तरांनी हात खाली घेतला आणि ते पायरीवर बसले. चार वाजायला अजून अर्धा तास होता.